चंद्रचौकीचा पहिला ऐकणारा

भांडगावात सोलापूर रस्त्याच्या कडेला माझं पंक्चर काढायचं दुकान आहे. त्याच दुकानात बसून मी चाळीस कादंबऱ्या लिहिल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण भैरू आप्पांची गोष्ट सांगताना माझी गोष्ट मधे येणार, आणि ती चोरपावलांनी आलेली मला आवडणार नाही.

माझ्या मालिकेचं नाव 'चंद्रचौकी'. काळ सन एकवीसशे नव्वदच्या पुढचा. चंद्रावर माणसांची वस्ती झाली आहे, वस्ती आली म्हणून गुन्हे आले, आणि गुन्हे आले म्हणून एक पोलीस चौकी. त्या चौकीचा फौजदार त्रिविक्रम. दर पुस्तकात एक गुन्हा, दीडशे पानं, शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार. पहिलं पुस्तक एकोणीसशे नव्वद साली निघालं. पुढं वर्षाला तीन निघत राहिली. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत ती मिळत. मी दहावीपर्यंत शिकलो. चंद्राबद्दल जे कळलं ते ट्रकवाल्यांनी टाकून दिलेल्या वर्तमानपत्रांतून, आणि जे कळलं नाही ते मी रचलं. मला लिहायला कोणी शिकवलं नाही, म्हणून माझ्यावर कोणाचे उपकारही नाहीत.

गावात मला 'ओ पंक्चर' अशी हाक असे. मुखपृष्ठावर मात्र इंद्रजीत भांडगावकर. त्या एका ओळीपुरता मी लेखक होतो, आणि ती ओळ मी जपत होतो.

भैरू आप्पा दुकानात आले ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. उंच माणूस, डोक्याला पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पायांत टायरच्या चपला. धनगराची जात, पण आता कॅनॉलच्या पाण्याखाली पाच एकर रान आणि त्यात ऊस. मुलाच्या ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन आले होते. मी ट्यूब पाण्याच्या टाकीत बुडवली, बुडबुडा सापडला, जागा घासली, पॅच लावून दाबाखाली ठेवली. तेवढ्या वेळात मी वही उघडली. सातवी कादंबरी चालू होती.

"काय लिवतुयास?" आप्पांनी विचारलं.

"गोष्ट लिहितोय, आप्पा."

"आरं मग मोठ्यानं लिव्ह की. पॅच वाळंस्तवर मी काय तुझ्या तोंडाकडं बघत बसू?"

मी वाचायला लागलो. चंद्रावर पाणी मोजून मिळतं, आपल्याकडं कॅनॉलची पाळी असते तसं. पाण्याच्या टाकीवरचा पहारेकरी मेलेला सापडतो. फौजदार येतो. दोन भाऊ आहेत, त्यांचं पाण्यावरून भांडण आहे. एक व्यापारी आहे. आप्पा घोंगडीवर बसून ऐकत होते आणि हातातल्या टकळीवर लोकर कातत होते. मी तीन प्रकरणं वाचली, चौथं वाचलं, पाचव्याच्या मध्यावर ते म्हणाले,

"आन् त्यो पानी सोडनारा कुठं ग्येला?"

पाणी सोडणारा पाटकरी पहिल्या प्रकरणात दोन ओळींसाठी आला होता. खून त्यानंच केला होता. हे मला माहीत होतं, अजून कागदालाही माहीत नव्हतं.

"का विचारलं, आप्पा?"

"काय न्हाई. सकाळच्याला व्हता, आता दिसंना, म्हून इचारलं."

ट्यूब घेऊन ते निघून गेले. मी ते पुस्तक तसंच पाठवलं, पण मनाला रुखरुख लागून राहिली.

हा माणूस असा का ऐकतो, ते मला पुढं कळलं. त्यांच्या रानात ऊस असला तरी बांधावर चाळीसएक मेंढरं होतीच. मेंढरांशिवाय आप्पांना झोप लागत नसे, आणि धुरपदाबाईंना, म्हणजे त्यांच्या मालकिणीला, मेंढरांच्या वासानं लागत नसे, असं त्या स्वतःच सांगत. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात शिरायला लागली की आप्पा तोंडाशी उभे राहत. एकदा मी विचारलं, "किती आहेत, आप्पा?"

"कुनाला ठावं!"

"मोजत नाही?"

"मेंढरं मोजत्यात व्हय रं? मोजली की घटत्यात. त्वांडं बघायची. समद्यांची त्वांडं दिसली की झालं."

तरुणपणी ते दर साल दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरत. एका वर्षी वरंध्याच्या घाटाखाली मुक्काम पडला. तळावर एक मेव्हणा होता, चार यत्ता शिकलेला, त्याला मोजायची हौस. त्यानं मेंढरं मोजली आणि सांगितलं, बरोबर आहेत. आप्पा म्हणाले, बरोबर न्हाईत. आपलं एक गेलंय. मेव्हण्यानं पुन्हा मोजली, पुन्हा तेवढीच भरली. सगळा तळ आप्पांना हसला. आप्पा काठी घेऊन आल्या वाटेनं माघारी घाट चढून गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक काळ्या तोंडाची मेंढी घेऊन उतरले. वर दुसरा कळप बसला होता, ही त्यांच्यात मिसळली होती आणि त्यांचं एक कोकरू इकडं आलं होतं. आकडा भरत होता. मेंढी नव्हती.

"आकड्याला त्वांड आसतं का?" आप्पा मला म्हणाले. "आपुन जे हाय त्ये बघायचं न्हाई. जिथं रिकामं हाय तिथं बघायचं."

ते ऐकल्यावर माझी सगळी कारागिरी माझ्यासमोर उघडी पडली. रहस्यकथा लिहिणारा काय करतो? गुन्हेगाराला एकदा आणतो, वाचकाला दाखवतो आणि मग विसरायला लावतो. त्याला मागं सारतो, पुढं दुसऱ्यांना नाचवतो. वाचक नाचणाऱ्यांकडं बघत राहतो. आप्पा मागं सारलेल्याच्या रिकाम्या जागेकडं बघत.

मग मी नेमच केला. वही पुरी झाली की शेवटचं प्रकरण सोडून सगळी आप्पांना वाचून दाखवायची. त्यांनी कुणाबद्दल 'कुठं गेला' विचारलं की प्रकरण फाडायचं, पुन्हा बांधायचं. आप्पा ठरल्यासारखे चारच्या सुमाराला येत. मी चाक खोलत खोलत वाचायचो, ट्रकचे क्लीनर चहा पीत ऐकायचे. आप्पा चंद्रावरच्या हरेक गोष्टीला हटकत.

"तिथं चारा हाय का?"

"नाही, आप्पा. चंद्रावर गवत उगवत नाही."

"मग मान्सं गेलीच कशाला? ह्यास्नी हितं कोन मारत व्हतं?"

धुरपदाबाई कधी भाकरीचं फडकं घेऊन आल्या तर दारातूनच म्हणायच्या, "झालं का तुमचं चंद्रावरचं? हितं खाली मेंढरांच्या घासाला पानी द्यायचंय."

"आगं थांब की. खून झालाय."

"हुं दे. त्यो काय तुमी केलाय का?"

असं अकरा वर्षं चाललं. आप्पांना फसवू शकलं असं एकही पुस्तक नव्हतं. कधी सहाव्या प्रकरणात, कधी नवव्यात, पण ते विचारतच. मी फार तर त्यांना उशीर करू शकलो. तेवढ्या उशिरावर माझी मालिका चालली, हे मी मान्य करतो.

दोन हजार तीन साली पुण्याच्या प्रकाशकांनी, आनंदरावांनी, मला बोलावून घेतलं. मी केडगाव स्टेशनवरून पॅसेंजरनं गेलो. त्यांच्या माडीवर न विकलेल्या चंद्रचौकीचे गठ्ठे भिंतीला टेकून रचलेले होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"भांडगावकर, लोक आता टीव्ही बघतात," आनंदराव म्हणाले. "आणि जे वाचतात ते म्हणतात, तुमचा गुन्हेगार आम्हाला आधीच कळतो."

"कोण म्हणतं?"

"स्टॉलवाले म्हणतात. वाचनालयवाले म्हणतात. माझी सून म्हणते."

"तुमच्या सूनबाईंना कसा कळतो?"

"ती म्हणते, कळतो."

आनंदरावांनी योजना सांगितली. चाळिसावं पुस्तक शेवटच्या प्रकरणाशिवाय छापायचं. वाचकांनी पोस्टकार्डावर गुन्हेगाराचं नाव लिहून पाठवायचं. महिन्यानं शेवटचं प्रकरण वेगळं छापून स्टॉलवर फुकट द्यायचं.

"आणि पोस्टकार्डं मोजून बघू. निम्म्याहून जास्त लोकांनी ओळखलं, तर चौकीला कुलूप. निम्म्यांना जरी तुम्ही फसवलंत, तर आणखी दहा पुस्तकं छापतो. माझा शब्द."

मी परत येताना गाडीत विचार केला. चौकीला कुलूप लागलं तर मी काय उरतो? दुकान उरतं. टाकीतलं पाणी उरतं. मुखपृष्ठावरची ओळ उरत नाही. पण मला भीती वाटत नव्हती. माझ्याकडं असा ऐकणारा होता, जो पुण्यातल्या कुठल्याही लेखकाकडं नसेल. जे आप्पांना कळणार नाही, ते महाराष्ट्रात कुणालाच कळणार नाही, अशी माझी खात्री होती.

चाळिसाव्या पुस्तकात चंद्रावरच्या हवेच्या कारखान्याचा मॅनेजर आतून बंद असलेल्या खोलीत मरून पडतो. पहिल्या खर्ड्यात खून दवाखान्यातल्या नर्सनं केला होता. आप्पांनी सहाव्या प्रकरणात विचारलं, "आन् ती दवाखान्यातली बाई कुठं ग्येली?"

मी वही फाडली. दुसऱ्या खर्ड्यात मी हुशारी केली. एकाऐवजी तीन माणसं मधूनच नाहीशी केली, म्हणजे आप्पांचा गोंधळ व्हावा. आप्पांनी टकळी मांडीवर ठेवली आणि तिघांचीही नावं घेतली.

"तिगं दिसनात. पर दोगं चरायला ग्येल्यात. त्यो शिपाई तेवढा दडलाय."

"हे कशावरून?"

"जी चरायला ग्येली त्यांची वाट तू सांगितलीस. एक गावाला ग्येला म्हन्लास, एक आजारी पडली म्हन्लास. शिपायाची वाट सांगितली न्हाईस. मेंढरू मुद्दाम दडत न्हाई रं इंद्रजीता, मान्सं दडत्यात."

धुरपदाबाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "पोरा, तू दुसरा धंदा बघ. ह्या मान्सापास्नं माज्या बापाला हुंडा लपवता आला न्हाई."

मी दोन महिने काही लिहिलं नाही. पावसाळा संपत आला होता, रस्त्याला खड्डे पडले होते आणि दुकानात चाकांची रांग होती. एका दुपारी ट्यूब पाण्यात फिरवत होतो आणि मला सुचलं. आप्पा रिकाम्या जागेकडं बघतात ना? मग जागा रिकामी सोडायचीच नाही. गुन्हेगाराला एक पानभरही हलू द्यायचं नाही. तो फौजदाराच्या शेजारी उभा असेल, त्याच्यासाठी दार उघडेल, पुरावे उचलून देईल, चहा आणेल, दर प्रकरणात चार वाक्यं बोलेल. चौकीच्या हवालदारालाच मी खुनी केलं.

तिसरा खर्डा वाचायला पाच दिवस लागले. सहावं प्रकरण गेलं. नववं गेलं. आप्पा कातत होते. बाराव्याला त्यांनी एकदा मान वर केली, पण ते फक्त म्हणाले, "ऊन आलं, हिकडं सरक." शेवटून दुसरं प्रकरण संपलं. मी वही मिटली.

"कोण, आप्पा?"

ते रस्त्याकडं बघत होते. उसाचे ट्रॅक्टर अजून सुरू झाले नव्हते, रस्ता मोकळा होता.

"समदी हाईत," ते म्हणाले. "समद्यांची त्वांडं दिसत्यात. कुनीच ग्येलं न्हाई."

मी शेवटचं प्रकरण वाचलं. हवालदाराचं नाव आलं तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलं, बघायला नको होतं. माणूस आपल्याच घराच्या उंबऱ्याला ठेचकाळावा तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी टकळीला लोकर गुंडाळली आणि उठले.

"लई भारी लिव्हलंयस," ते म्हणाले, आणि मेंढरांकडं गेले.

मी त्याच दिवशी वही पार्सल केली. पुस्तक दिवाळीच्या सुमारास निघालं.

त्या वाचनानंतर आठवडाभर आप्पा दुकानाकडं फिरकले नाहीत. मीच संध्याकाळी त्यांच्या वस्तीवर गेलो. मेंढरं वाघरीत शिरत होती आणि आप्पा तोंडाशी उभं राहून बोटांवर मोजत होते. त्यांना विसापुढं मोजता येत नसे. वीस झाले की जमिनीवर खडा ठेवायचा, पुन्हा एकपासून.

"ईस... आन् ईस... आन् तीन." त्यांनी मला बघितलं नाही. "दोन ईसा आन् तीन."

धुरपदाबाई चुलीपुढून उठून आल्या. "बघ तुजं पुस्तक! म्हातारपनी शाळंत घातलास ह्यास्नी. रोज मोजत्यात. रातच्याला दचकून इचारत्यात, समदी हाईत का गं, म्हून."

"अहो, आप्पा, गोष्ट होती ती."

"गोष्टच व्हती," आप्पा म्हणाले. "पर म्होरं हुबं आसलेलं मला दिसलं न्हाई. मग हितं तरी कशावरनं दिसतंय?"

त्या महिन्यात त्यांची एक मेंढी ओला लसूणघास खाऊन पोट फुगून मेली. मोजल्यानं मेली, असं धुरपदाबाईंचं म्हणणं पडलं.

पोस्टकार्डांची मुदत संपली तेव्हा मी पुण्याला गेलो. आनंदरावांनी टेबलावर दोन ढीग केले होते, एक मोठा आणि एक लहान. आलेली पत्रं सहाशे बारा. हवालदाराचं नाव लिहिणारी पाचशे त्रेचाळीस.

"दर पानावर तो काय म्हणून उभा होता, भांडगावकर?" आनंदराव म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "लोकांनी लिहिलंय बघा. 'हा इसम सारखा मधे मधे करतो, यानेच केले असणार.' शाळेतल्या पोरींनी ओळखलाय हो."

मी मोठ्या ढिगातली वीसपंचवीस कार्डं वाचली. सगळ्यांचं म्हणणं तेच. जो सारखा दिसतो, तो. लहान ढीग मी पुरता वाचला. एकोणसत्तर कार्डं, त्यांतल्या काहींवर माण, आटपाडी, जत असे मेंढरांच्या मुलखातले पत्ते होते. पण काही दादर आणि नागपूरचेही होते, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही.

मी अकरा वर्षं एका धनगराला फसवायला शिकत होतो आणि शेवटी शिकलो. बाकीच्या जगाकडं मेंढरं नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ही चूक मी कुणाच्या माथ्यावर मारत नाही. चौकीला कुलूप लागलं. आनंदरावांनी शब्द पाळला, मला त्यांचाही राग नाही.

आप्पांना सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेलो. ते बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

"म्हंजी समद्यास्नी दिसला?"

"बहुतेक सगळ्यांना."

"आन् मला न्हाई."

"तुम्हाला नाही. तुम्हाला दिसू नये असाच लिहिला होता मी. तुमच्या डोळ्याला काही झालेलं नाही, आप्पा. मी तुमच्या एकट्यासाठी सापळा लावला आणि लोक त्याच्या शेजारून चालत गेले."

आप्पा हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग मोठ्यानं, मग खोकला लागेपर्यंत. धुरपदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या.

"आगं, ह्येनं समद्या मुलखासाठी पुस्तक लिव्हायचं तर माज्या एकट्यासाठी लिव्हलं! येडा का खुळा!" पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले. "मग आता म्होरचं कवा?"

"पुढचं नाही, आप्पा. मालिका बंद झाली. आता छापणार नाहीत."

"छापनार न्हाईत म्हंजी?"

"पुस्तक निघणार नाही."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी काहीतरी न समजण्यासारखं बोललो आहे.

"आरं, मी कवा बघितलंय तुजं पुस्तक? तू दुकानात बसून सांगितलंस, मी ऐकलं. त्ये लोक छापत्यात का जाळत्यात, मला काय ठावं? त्या फौजदाराला काय झालंय का?"

"त्याला काही झालं नाही."

"मग?"

मला राग आला. चाळीस पुस्तकं, तेरा वर्षं, मुखपृष्ठावरची ती ओळ, आणि ज्याच्यापुढं सगळं वाचलं त्या माणसाच्या लेखी त्यातलं काहीच कधी घडलेलं नव्हतं. मी उठलो आणि निघून आलो. घरी माझ्याकडं चाळीसही पुस्तकांची एक एक प्रत होती. ती एका पोत्यात भरली आणि माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले नाहीत, त्यांच्या पाण्याची पाळी होती. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आले, घोंगडी अंथरली, टकळी काढली. मी एका मालट्रकचं मागचं चाक खोलत होतो. आप्पा वाट बघत राहिले. ट्रकचा ड्रायव्हरही चहाचा ग्लास घेऊन त्यांच्या शेजारी बसला. काही नट गंजले होते, निघत नव्हते.

"हं," आप्पा म्हणाले.

वही नव्हती. कुणाचा खून होणार हेही मला माहीत नव्हतं. मी पान्यावर पाय देऊन जोर लावला, एक नट सैल झाला, आणि मी म्हणालो, "चंद्रचौकीला कुलूप लागलं त्याच दिवशी फौजदार त्रिविक्रमाच्या बदलीचा कागद आला."

"कुठं बदली?" ड्रायव्हरनं विचारलं.

"गप ऐका वो पाव्हणं," आप्पा म्हणाले. "त्यो सांगतोय न्हवं."